खिडकीसमोरचा बहावा: सासवडच्या एका घराची झाडं निवडताना

"खिडकीसमोर एवढं झाड आहे, मग खोली का तापते?" सरांचा प्रश्न एवढाच होता, आणि बागा आखणाऱ्या मला बोलावण्याचं कारणही तेवढंच होतं.

एप्रिल २०२२, दुपारचे साडेतीन. सासवडच्या कडेला ६ गुंठ्यांची जागा, त्यात निवृत्त शिक्षकाचं बैठं घर. झोपायची खोली वायव्येच्या कोपऱ्यात, तिची मोठी खिडकी पश्चिमेला. आतून त्या भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. खिडकीसमोर १२ फुटांवर सरळ, निरोगी, पंधरा-सोळा फुटांचा बहावा उभा होता. त्याच्यावर एक पान नव्हतं. गेल्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगा तेवढ्या लोंबत होत्या, आणि त्यांच्या मधून ऊन सरळ पलंगावर येत होतं.

घर बांधून ७ वर्षं झाली होती. बांधकाम संपल्यावर ठेकेदारानेच "बाग करून दिली" होती. बहावा त्यानेच लावलेला, आणि त्याला नावं ठेवायला मी तयार नाही. देशी झाड, सोटमूळ खोल जाणारं, पायाला त्रास न देणारं, मुरमात तग धरणारं. निवड उत्तम होती. जागा चुकली होती.

पश्चिमेला किंवा दक्षिणेला पानगळीचं झाड लावावं, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळतं, असं बागकामाच्या लेखांत सर्रास वाचायला मिळतं. ते थंड देशांसाठी खरं आहे. तिथे पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळतात आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत झाड भरलेलं असतं. आपल्याकडे पानगळ थंडीने होत नाही, जमिनीतली ओल आटत गेली की होते. म्हणून पळस, पांगारा, काटेसावर, बहावा ही झाडं फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कधीतरी उघडी पडतात. होळीच्या सुमारास पळस इतका लालभडक दिसतो, कारण फुलांच्या आड यायला पानच नसतं. बहावा त्याहून उशिरा रिता होतो. एप्रिल संपता संपता पिवळे घोस येतात, त्यांच्याबरोबर पालवी, आणि दाट सावली मिळते ती थेट जूनमध्ये, ढग आल्यावर. सरांची खोली सर्वांत जास्त तापते ती मार्चच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत हे झाड हात वर करून उभं.

त्यामुळे या घरासाठी झाडं निवडताना मी एक क्रम ठरवला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आधी त्या जागेला वर्षातल्या कोणत्या महिन्यात काय हवं आहे ते बघायचं, मग कोणतं झाड त्या महिन्यात ते देतं ते बघायचं. फूल, सुगंध, शुभ-अशुभ, आवड हे सगळं त्यानंतर. सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हा क्रम पहिल्या दिवशी अजिबात पटला नाही.

जागेची ओळख

जागा पूर्व-पश्चिम ९९ फूट, दक्षिणोत्तर ६६ फूट. रस्ता पूर्वेला, आणि रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा. घरापुढे २० फूट मोकळं, दोन्ही बाजूंना १४-१४ फुटांच्या पट्ट्या, मागे पश्चिमेला ४३ फुटांचं परसू. शोषखड्डा उत्तरेच्या पट्टीत. दक्षिणेला रिकामा प्लॉट, त्यात दिवसभर शेळ्या. उत्तरेच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर सोलर हीटर. पाणी बोअरचं, जड. बादलीच्या आतून पांढरा थर बसलेला होता, तो नखाने खरवडून निघत होता.

सासवड पुरंदर तालुक्यात, आणि हा भाग पर्जन्यछायेतला. पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं नावाजलेली आहेत ती याच हलक्या, मुरमाड, पाण्याचा चटकन निचरा होणाऱ्या जमिनीमुळे. म्हणजे इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या झाडनिवड करून ठेवली आहे, ती बघून घ्यायची आणि तिथून पुढे जायचं.

दोन खड्डे खणून बघितले, दोन-दोन फुटांचे. परसात दीड फूट तांबूस माती, खाली मुरूम. भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरून गेलं. पुढच्या अंगणात मात्र कुदळ चारेक इंचांवरच खणखणली. विटांचे तुकडे, फरशीचे कोपरे, सिमेंटचे ढेपसे. बांधकामाचा सगळा राडारोडा पुढे पसरून वर टोपलीभर लाल माती टाकली होती. नव्या घरांच्या बागेत हे मला दर वेळी सापडतं. रोप लावून वर्ष गेलं तरी ते इंचभर वाढत नाही, आणि दोष खताला दिला जातो.

नंतर बांबू. १० फुटांचा बांबू परसात उभा रोवला आणि सरांना म्हटलं, तास तासाला सावली मोजा. सर गणित शिकवायचे, त्यांनी वही काढली. ४ वाजता सावली १२ फूट भरली, ५ वाजता २१ फूट. एवढ्यावरून हिशेब मांडता येतो. भिंतीपासून २२ फुटांवर झाड लावलं आणि खिडकीचा माथा ७ फुटांवर धरला, तर ४ वाजताचं ऊन अडवायला झाड २५ फुटांचं लागतं, ५ वाजताचं अडवायला साडेसतरा फुटांचं. शिवाय एप्रिल-मेमध्ये या वेळेला सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून झाड खिडकीच्या नाकासमोर नको, थोडं उत्तरेकडे सरकलेलं हवं.

काकूंची यादी

काकूंनी १३ झाडांची यादी करून ठेवली होती. सोनचाफा, सीताअशोक, बकूळ, पारिजातक, आंबा, नारळ, आवळा, उंबर, बेल, आपटा, शेवगा, कढीपत्ता आणि सीताफळ. काकू चिपळूणकडच्या. यादी वाचली की त्यांच्या माहेरचं परसू डोळ्यांसमोर येत होतं, आणि मी यातलं निम्मं खोडणार होते.

खोडायच्या आधी मी फक्की आणि दोरी मागवली. कागदावर झाड म्हणजे एक ठिपका असतो आणि पिशवीतलं रोप हातभर असतं, त्यामुळे १३ झाडं सहज मावतील असं वाटतं. आम्ही परसात खुंटी ठोकून पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेराएवढी वर्तुळं काढली. आंब्याला ३० फूट, उंबराला त्याहून जास्त, आवळ्याला २०. पाचव्या वर्तुळाला जागा संपली. काकू आंब्याच्या वर्तुळात उभ्या राहिल्या, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, मग मी वाळवणं घालू कुठे?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, आणि पुढचा सगळा आराखडा त्यावर फिरला. काकूंचे गुडघे दुखतात, गच्चीवर चढणं होत नाही. कुरडया, सांडगे, मिरच्या, पापड, सगळं एप्रिल-मेमध्ये परसात खाटेवर वाळतं. म्हणजे ज्या महिन्यात सरांच्या खिडकीला सावली हवी, त्याच महिन्यात काकूंना दुपारपर्यंत कडक ऊन हवं. परसाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग मोकळा ठेवायचा ठरलं. मोकळी जागा हीसुद्धा निवड असते, आणि लहान प्लॉटवर तीच सर्वांत आधी करावी असं माझं मत या घराने पक्कं केलं.

उंबर गेला, कारण त्याच्या मुळांना पाण्याचा वास लागला की शोषखड्डा आणि पाइप धोक्यात. नारळ गेला, त्याला इथे बारमाही पाणी घालणं परवडणारं नव्हतं आणि नात सुट्टीत परसात खेळते. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्याला फांदी कडकन मोडते. त्यातून शेवगा दर वर्षी छाटून बुटका ठेवला तरच शेंगा हाताशी येतात आणि छाटायला घरात कोणी नाही, म्हणून तोही गेला. आवळा आणि बेल दोन्ही इथे उत्तम आले असते. त्यांना फक्त जागा नव्हती. सीताअशोकाबद्दल थोडा वाद झाला. त्याला ओल आणि इतर झाडांचा आडोसा लागतो, उघड्यावरच्या कोरड्या उन्हात त्याची पानं कडेने करपतात. काकूंनी तो सोडला. सोनचाफा मात्र सोडला नाही.

सावलीचं झाड

खिडकीसाठी करंज आणि कडुनिंब हे दोनच खरे उमेदवार होते. दोन्हींची पानं गळतात, पण दोन्ही फार दिवस रिकामे राहत नाहीत. इकडे जुनी पानं पिवळी होऊन पडतात आणि तिकडे चकचकीत कोवळी पालवी फुटलेली असते. एप्रिलच्या ऐन उन्हात करंज जेवढा हिरवागार असतो तेवढी फार थोडी झाडं असतात. कडुनिंब उंच जातो आणि पसरतोही. पुढे तो उत्तरेच्या सोलर हीटरवर सावली टाकेल आणि दोन घरांत बोलाचाली होईल, ही भीती होती. करंजाचा डेरा गोल, छाटणी मुकाट सोसणारा. पानांवर गाठी येतात, त्या दिसायला वाईट, झाडाला फारशा घातक नाहीत. फुलांचा सडा रोज झाडावा लागेल हे सरांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी तेवढाच व्यायाम."

करंज भिंतीपासून २२ फुटांवर, बहाव्याच्या १० फूट उत्तरेला. दोघांच्या फांद्या पुढे एकमेकींत जातील, तेव्हा करंजाची दक्षिणेची बाजू उचलून धरायची. बहावा तोडायचा का, असं सरांनी विचारलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. तो मेमध्ये फुलतो, फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याची पानं खाऊन वाढतात, आणि सात वर्षांचं निरोगी झाड केवळ आपण चुकीच्या ठिकाणी लावलं म्हणून काढणं मला पटत नाही.

पण करंज २५ फुटांचा होईपर्यंत सरांनी काय करायचं? म्हणून भिंतीपासून ४ फूट सोडून लोखंडी चौकटीचा मांडव केला आणि त्यावर मधुमालती चढवली. वेल वर्षभरात चढते. भिंतीला चिकटवून चढवली नाही, कारण भिंत आणि वेल यांच्यामध्ये हवा खेळती हवी.

कुंपण आणि पुढचं अंगण

दक्षिणेच्या कुंपणाला ठेकेदाराने कोनोकार्पसची रांग लावली होती. सात वर्षांत ती १२ फुटांची भिंत झाली होती आणि शेजारच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये तिची केसाळ मुळं सापडली होती. हे झाड नर्सरीवाले हौसेने देतात, कारण ते मरत नाही, झपाट्याने वाढतं आणि बाराही महिने हिरवं असतं. गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आम्ही त्याच्या वर्षभर आधीच ते काढायचं ठरवलं होतं. तोडण्याआधी नगरपरिषदेकडून रीतसर परवानगी घेतली. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे ती लागते, स्वतःच्या आवारातल्या झाडालाही.

त्या जागी काय, हे शेळ्यांनी ठरवलं. अडुळसा आणि निर्गुडी यांना शेळी तोंड लावत नाही. सीताफळालाही नाही, म्हणूनच पुरंदरच्या उघड्या माळांवर ते टिकतं. कुंपणाला अडुळशाची दुहेरी ओळ, मध्ये मध्ये निर्गुडी, कोपऱ्यावर करवंदाच्या दोन जाळ्या. पश्चिमेच्या भिंतीलगत दोन सीताफळं. अडुळसा फांद्या खोचून येतो, पावसाळ्यात रुजतो, एकाही रोपाला पैसे पडले नाहीत.

फाटकाजवळ पिवळी कण्हेर होती, बिट्टी म्हणतात ती. तिचा चीक आणि बी दोन्ही विषारी. नात तेव्हा ४ वर्षांची होती आणि बिट्टीची फळं खेळायला फारच छान असतात. ती त्याच आठवड्यात मुळासकट काढली.

तिथेच ठेकेदाराने "आपटा" म्हणून दिलेलं एक झाड होतं. सर दर दसऱ्याला त्याचंच सोनं वाटत होते. मी पान हातात घेतलं, ते माझ्या तळव्याएवढं आणि मऊ. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि मधली खाच उथळ असते. हे होतं कांचन. सरांना वाईट वाटलं, कारण शाळेत इतकी वर्षं त्यांनी मुलांना आपट्याची गोष्ट सांगितली होती. कांचन ठेवला, आणि तारांखाली शेजारी खरा आपटा लावला. तो मुळात बुटका, वाकडातिकडा, छाटून तारांखाली सहज ठेवता येतो.

पारिजातकाची जागा काकूंनी स्वतः ठरवली, आणि ती माझ्या जागेपेक्षा चांगली होती. मी तो फाटकाजवळ सुचवला होता. त्या म्हणाल्या, तिथे गाडीच्या टपावर फुलं पडणार. पारिजातकाची खाली पडलेलीच फुलं देवाला चालतात, मग ती सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर पडायला हवीत. पायरीच्या डाव्या हाताला राडारोडा दोन फूट खोल काढून परसातली माती भरली आणि तिथे तो लावला.

घराच्या आग्नेय कोपऱ्याशी, तारांपासून दूर, सोनचाफा. तिथलाही राडारोडा काढला, पानकुजीचं खत भरपूर घातलं. आंबा एकच, केसरचं कलम, नैऋत्येला अगदी मागे, छाटून १५ फुटांच्या घेरात ठेवायचा या अटीवर. त्याची सावली खाटेपर्यंत चारनंतरच येते. शोषखड्ड्याभोवती फक्त कर्दळ. उत्तरेच्या पट्टीत लांब टोकाला कढीपत्ता. त्याची पिलावळ मुळांतून फुटत राहते, ती दर पावसाळ्यात उपटायची.

लागवड

याबद्दल थोडंच. रोपं मी जुलैमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर आणली. करंज अडीच फुटांचं घेतलं. नर्सरीत ८ फुटांचं होतं आणि सरांना तेच हवं होतं. मी पिशवी खालून फाडून दाखवली. मुळं तळाशी वेटोळं घालून बसली होती, सुतळीच्या गुंड्यासारखी. अशी मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात, आणि पाच-सात वर्षांनी वादळात झाड मुळासकट उपडं होतं. लहान रोप दोन-तीन वर्षांत त्या उंच रोपाला गाठतं. खड्डे ३ फुटांचे, त्यात निघालेलीच माती आणि थोडं शेणखत. प्रत्येक आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं थर, खोडाला न टेकवता. उन्हाळ्यासाठी रोपाशेजारी तळाला वात घातलेला माठ पुरला. माठ भरला की तीन-चार दिवस बघावं लागत नसे.

तीन उन्हाळ्यांनंतर

सोनचाफा गेला. पहिल्या पावसाळ्यात त्याने हातभर वाढ दाखवली आणि काकूंनी मला फोटो पाठवले. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चुनखडीच्या जड पाण्याने जमिनीतलं लोह झाडाला उचलता येत नाही, त्याची ही खूण. आम्ही लोहाची फवारणी केली, दोन महिने पानं सुधारली, पुन्हा पिवळी झाली. चिपळूणच्या जांभ्याच्या आंबट मातीत आणि धो धो पावसात जे झाड कोणी न बघता वाढतं, त्याला बोअरचं पाणी घालून इथे जगवणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे, हे मी काकूंना पहिल्याच दिवशी आणखी स्पष्टपणे सांगायला हवं होतं. २०२४ च्या मेमध्ये तो वाळला. काकूंनी त्याची वाळकी काडी बरेच दिवस काढू दिली नाही. जुलैमध्ये त्या जागी बकूळ लावली. ती सावकाश वाढते, पण या पाण्यावर आतापर्यंत एकही पान पिवळं झालेलं नाही.

कुंपणाचा अडुळसा छातीपर्यंत आला आहे. एका टोकाला शेळ्यांनी वाट पाडली होती, तिथे करवंद वाढवलं. पारिजातक गेल्या श्रावणापासून रोज सडा घालतो. सीताफळाला पहिली सात फळं आली, त्यातली चार पाखरांनी खाल्ली. मधुमालतीने मांडव झाकून टाकला आहे आणि दुपारी तीन वाजता भिंतीला हात लावला तर आता तो तसाच ठेवता येतो.

एप्रिल २०२५ मध्ये गेले तेव्हा करंज १३ फुटांचा झाला होता. त्याची सावली साडेपाचच्या सुमारास खिडकीच्या माथ्याजवळ पोचते, चार वाजताची सावली अजून काही पावसाळे लांब आहे. सरांनी वहीत प्रत्येक झाडाचं एक पान केलंय. कोणत्या तारखेला पान गळायला लागलं, कधी झाड रिकामं, कधी पालवी. बहाव्याच्या पानावर तीन वर्षांच्या तारखा एकाखाली एक आहेत: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रिकामा, मेच्या पहिल्या आठवड्यात पालवी. करंजाच्या पानावर गेल्या मार्चची एकच ओळ आहे. "पाने गळली, पण झाड एकही दिवस रिकामे दिसले नाही."

खाटेवर कुरडया होत्या. चार वाजत आले तशी काकूंनी खाट आंब्याच्या सावलीपासून हातभर ओढून घेतली, आणि सर बांबू घेऊन परसात गेले.